कुकरचा गॅस कुणी बंद केला? कथेतला प्रेमप्रसंग लिहिताना

माझा पहिला प्रेमप्रसंग मी मावशीला वाचायला दिला होता. नायक-नायिका स्वयंपाकघरात होते, कुकर लावलेला होता, बाहेर पाऊस. जीव ओतून दीड पान लिहिलं होतं. 'बाहुपाश' तीनदा, 'अनामिक ओढ' दोनदा, आणि शेवटी 'ती दोघं एकमेकांत विरघळून गेली'. मावशीने चष्मा काढला आणि विचारलं, "तीन शिट्ट्या झाल्या म्हणतेस. मग गॅस कुणी बंद केला?"

तेव्हा राग आला होता. आता इतरांच्या कथा वाचून दुरुस्त्या सुचवते, तर दर दुसऱ्या प्रेमकथेत तोच कुकर भेटतो. घर, माणसं, घड्याळ, सगळं त्या परिच्छेदाच्या उंबऱ्यावर थांबतं आणि आत नुसते दोन देह उरतात. नावं बदलली की तोच प्रसंग दुसऱ्या कुठल्याही कथेत डकवता येतो. तुमचा प्रसंग असा डकवता येतोय का, हे आधी बघा. येत असेल तर तो तुमच्या कथेचा नाही.

पुढचं सगळं मी एकाच जोडप्यावर करून दाखवते. गौरी आणि समीर. ठरवून झालेलं लग्न, होऊन १९ दिवस झालेत. कल्याणला वन बीएचके, बाहेरच्या खोलीत सासूबाई. जुलै महिना. दोघं आत्तापर्यंत एकमेकांशी फार सभ्यपणे वागली आहेत, त्यापलीकडे काही नाही.

पहिली पायरी: वहीत दोन ओळी

लिहायला बसण्याआधी वहीत लिहा: हा प्रसंग संपल्यावर कोणती गोष्ट पूर्वीसारखी राहणार नाही? 'ते जवळ आले' हे उत्तर चालत नाही, ते वाचकाला पहिल्या भागापासून माहीत असतं. गौरीसाठी माझं उत्तर असं: 'या घरात ती आत्तापर्यंत पाहुण्यासारखी वागली, आज ती पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागते.' एवढं लिहिलं की प्रसंगाचा रोख आपोआप बदलतो. स्पर्श कुठे झाला यापेक्षा मागणं कसं झालं, तिकडे लक्ष जातं.

दुसरी ओळ भीतीची. दोघांना वेगवेगळी भीती द्या, आणि जमल्यास एकमेकींच्या आड येणारी. गौरीला भीती आहे की आवाज बाहेर जाईल, म्हणून ती गप्प आहे. समीरला भीती आहे की ती रीत म्हणून हो म्हणेल, म्हणून तो तिच्या गप्प राहण्याचा अर्थ 'नको' असा लावतोय. झालं, प्रसंग उभा राहिला. खलनायक नको, गैरसमजाचा फोन नको. एकीचं गप्प बसणं आणि दुसऱ्याचं ते चुकीचं वाचणं एवढ्यावर दोन पानं निघतात.

या दोन ओळी सुचतच नसतील तर प्रसंग लिहू नका. 'त्या रात्रीनंतर' म्हणून पुढे जा. ऑनलाइन कथेचा रोज एक भाग टाकणाऱ्यांवर दर चार दिवसांनी काहीतरी 'गोड' देण्याचा दबाव असतो, मला माहीत आहे. पण दोन ओळींशिवाय लिहिलेला गोड भाग वाचक भराभर खाली सरकवून पुढे जातात.

दुसरी पायरी: खोली

मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या, रेशमी चादर. कल्याणच्या वन बीएचकेत या वस्तू आल्या कुठून?

आपल्याकडच्या प्रेमकथेत एकांत आयता मिळत नाही, तो मिळवावा लागतो. ही अडचण समजू नका, हे भांडवल आहे. भिंतीपलीकडे कोण आहे, दिव्याचं बटण कुठे आहे, दाराला कडी आहे की नुसता कोयंडा, दिवाण करकरतो का, हे सगळं कागदावर मांडा. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात. गौरीच्या खोलीचं दार उचलून ढकलल्याशिवाय लागत नाही आणि ढकललं की आवाज होतो. म्हणजे साधी कडी लावणं हीसुद्धा एक जाहीर घोषणा! कथा लॉजवर घडत असेल तर काउंटरवरचा माणूस दोघांची आधार कार्डं मागतो आणि नंतर नको तितका वेळ बघत बसतो, तो क्षण सोडू नका. एसटीत घडत असेल तर शेजारच्या आजी पिशवीतून शेंगा काढून दोघांना देतात, तेही घ्या.

माझा नियम: तीन वस्तू निवडायच्या आणि प्रत्येक वस्तू निदान दोनदा वापरायची. दुसऱ्यांदा आली की तिचा अर्थ बदललेला असावा. गौरीसाठी मी दार, पंखा आणि लग्नातला हिरवा चुडा घेतला.

तिसरी पायरी: शब्द, म्हणजे खरी पंचाईत

मराठीत शरीराबद्दल लिहायला बसलं की तीन खण उघडतात. पहिल्यात संस्कृत: उरोज, आलिंगन, आरक्त, अधर. दुसऱ्यात डॉक्टर: पाठ्यपुस्तकातले अवयव. तिसऱ्यात शिव्या. पहिल्या खणातले शब्द वापरले की पात्रं संगीत नाटकात शिरतात, दुसऱ्यातले वापरले की दवाखान्यात, आणि तिसऱ्यातले वापरले की कथेचा सूरच जातो (शिव्या एरवी ज्यांच्या तोंडी असतात अशी पात्रं असतील तर गोष्ट वेगळी). मग लेखक इंग्रजीकडे पळतात आणि तिथून 'तिच्या पोटात फुलपाखरं उडाली' घेऊन येतात. मराठी पोटात फुलपाखरं उडत नाहीत. पोटात खड्डा पडतो, गोळा येतो. धडधडतं ते छातीत, आणि जीव वरखाली होतो.

चौथा खण घरातच असतो: जवळ घेणं, बिलगणं, कुशीत शिरणं, हात हातात धरून ठेवणं, केसांतून बोटं फिरवणं, खांद्यावर डोकं टेकणं. हे शब्द आपण लेकरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठीही वापरतो, म्हणून ते ऊबदार आहेत. 'चुंबन' कुणी बोलत नाही. 'मुका' साताऱ्या-कोल्हापूरकडच्या नायकाच्या तोंडी शोभेल, ठाण्याच्या कॉलेजातली मुलगी 'किस' म्हणेल आणि तिचे आजोबा बहुधा काहीच म्हणणार नाहीत. निवेदकानेही पात्राच्या आसपासचाच शब्द घ्यावा. संवादात 'किस' आणि लगेच पुढच्या ओळीत 'दीर्घ चुंबन' आलं की शिवण उसवलेली दिसते.

नामांपेक्षा क्रियापदांवर भर द्या. मराठीने प्रेमकथेसाठीच घडवल्यासारखा एक प्रकार आपल्याकडे आहे: राहवेना, बोलवेना, बघवेना, सोडवेना. 'तिला हात सोडवेना' या तीन शब्दांत इच्छा आहे, प्रयत्न आहे आणि हारही आहे. त्यासमोर 'ती त्याच्याकडे अनाहूतपणे खेचली गेली' हे वाक्य ठेवून बघा. तसंच 'तिला हवं होतं', 'त्याला सुचेना' अशी वाक्यं. यात माणूस कर्ता नसतो, त्याच्यावर काहीतरी येऊन पडलेलं असतं. प्रेमात नेमकं हेच होतं.

आणखी एक: परिच्छेदात 'त्याने' किती वाक्यांच्या सुरुवातीला आहे ते मोजा. त्याने ओढलं, त्याने उचललं, त्याने हनुवटी वर केली. ती फक्त लाजली. पाच 'त्याने' सापडले तर निदान दोन 'तिने' करा आणि काय होतं ते बघा.

संबोधनं हे तर फुकटचं सोनं आहे. अहो, तुम्ही, तू, अरे, ए, नुसतं नाव, घरातलं लाडाचं नाव. 'अहो' वरून 'अरे' वर येणं हा आपल्या भाषेत कपड्यांच्या बटणापेक्षा मोठा टप्पा असतो. तो कुठे घडतो हे आधी ठरवून ठेवा आणि त्या आधी चुकूनसुद्धा 'अरे' येऊ देऊ नका. उलटही चालतं: वर्षानुवर्षं 'ए' म्हणणारी बायको एखाद्या रात्री मुद्दाम 'अहो' म्हणते तेव्हा ती थट्टा असते, आणि थट्टाही इथे हवीच.

चौथी पायरी: शहाऱ्याला सुट्टी द्या

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, शरीर आपण होऊन जे करतं ते: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. ताठरून जाणं, घाम, काटा येणं, आवाज फाटणं, थरथर, रंग उडणं, डोळ्यांत पाणी, भान जाणं. आठ दिलेत, आणि आपल्या कथा रोमांच आणि वेपथूवरच चालतात. सर्वांगावर शहारा, ओठ थरथरले, बस.

मी नवीन लेखकांना सांगते, एका प्रसंगात शहारा शून्य वेळा. स्वरभंग वापरा: त्याला काहीतरी साधंच विचारायचं आहे आणि आवाज घोगरा निघतो, मग तो उगाच खाकरतो. घाम वापरा, तळहाताचा. हात धरण्याआधी तो पॅन्टला पुसून घेतो. स्तंभ तर फारच कमी वापरला जातो. ती हलत नाही, आणि ती का हलत नाही हे त्याला कळत नाही, यात किती काही आहे!

पाचवी पायरी: होकार

हे टाळून चालणार नाही. दंड पकडून भिंतीशी रेटणारा नायक, 'नको' म्हणणारी पण मनातून हवंच असणारी नायिका, मग 'लटका राग'. हे लिहायला सोपं असतं, कारण दोघांना एकमेकांचं काही ओळखावंच लागत नाही. कुणी म्हणेल ही आपली परंपरा. परंपरा वाचली तर वेगळंच दिसतं. शृंगारात कोणते संचारी (येत-जात राहणारे) भाव येऊ नयेत हे सांगताना भरताने आलस्य, औग्र्य (उग्रपणा) आणि जुगुप्सा (किळस) वगळले आहेत. म्हणजे दांडगाईला तिथे जागाच नाही. आणि आपल्या लावणीतली बाई तर हवं ते सरळ मागते.

होकार म्हणजे अर्जावर सही नव्हे, 'मी पुढे जाऊ का?' असं दर दोन ओळींनी विचारायची गरज नाही. होकार ही कृती करा, आणि ती त्या पात्राचीच असू द्या. हाल या सातवाहन राजाच्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांच्या संग्रहात, पाणपोईवरची एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितोय, नजर वर तिच्याकडे. पाणी गळून जावं, पिणं लांबावं म्हणून तो बोटं फाकवतो. आणि पाणी ओतणारी मुलगी आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. संपली गाथा. कुणी कुणाला शिवलं नाही, कुणी काही बोललं नाही. दोघांनी विचारलंही आणि दोघांनी हो म्हटलंही. दोन ओळींत.

तुमच्या पात्राची पाण्याची धार कुठली, ते शोधा.

आता करून बघू

गौरी-समीरचा पहिला खर्डा, जसा हमखास हातात येतो तसा:

'समीरने तिला हळूच जवळ ओढले. तिच्या सर्वांगावर रोमांच उभे राहिले. लज्जेने तिचे गाल आरक्त झाले. "नको ना," ती लटक्या रागाने म्हणाली. त्याने तिच्या ओठांवर बोट ठेवले. जणू काळ थांबला. दोघेही एका वेगळ्याच विश्वात हरवून गेले.'

आणि वहीतल्या दोन ओळी समोर ठेवून लिहिलेला दुसरा:

'दार पावसाने फुगलं होतं. समीरने ते उचलून ढकललं तेव्हा कडी बसली, पण आवाज झालाच. बाहेर मालिकेतली कुणीतरी रडत होती, ती गप्प झाली. जाहिरात लागली की आईंनी आवाज कमी केला, कळेना.

"पंखा पाचवर करू?" त्याने विचारलं.

"थंडी वाजेल."

"मग राहू दे."

"नको, करा. आवाज होतो त्याचा."

पंखा घरघरायला लागला तरी तो बटणापाशीच उभा राहिला. खाकरला. "गौरी, तू नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे, खरंच चालेल."

ती काहीच बोलली नाही. दाराकडे बघत राहिली. त्याने मान हलवली, आपली उशी पलीकडे सरकवली आणि म्हणाला, "झोप मग. सकाळी लवकर उठतेस."

तिने हात पुढे केला तसा चुडा किणकिणला. दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. मग तिने डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या, एकेक करून, थेट कोपरापर्यंत, मग उजव्या. रोज सकाळी कणकेला हात लावण्याआधी सरकवायची तशाच. त्या घट्ट बसल्या आणि गप्प झाल्या.

"अरे, नाही म्हणत नाहीये मी," ती कुजबुजली. "ऐकू जाईल म्हणून बोलत नाहीये."

समीरला हसू आलं, आणि तेही मोठ्याने यायला लागलं, म्हणून तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग तो तिला काढवेना.'

शब्द जास्त झालेत, हे खरं. पण स्पर्श एकच आहे आणि तो शेवटच्या ओळीत आहे, तोही तिचा. बांगड्या आधी तिच्या विरोधात होत्या, मग तिच्या बाजूने आल्या. 'अरे' कुठे पडला ते बघा. 'ती पहिल्यांदाच अरे म्हणाली' असं मी सांगितलेलं नाही, वाचकाला तेवढं कळतं. या दुसऱ्या खर्ड्यात आधी ते वाक्य होतं. खोडताना जीवावर आलं होतं.

इथून पुढे जायचं की दार लावायचं?

दोन्ही मान्य आहे. आपण कुठे लाजतो म्हणून दार लावतोय की प्रसंगाचं काम झालं म्हणून, एवढं प्रामाणिकपणे तपासा. माझ्या वहीतलं काम 'मागणं' होतं, ते झालं, म्हणून मी थांबते.

पुढे जायचं असेल तर बोलणं बंद पाडू नका. पात्रं अंधारात गेली की मुकी होतात आणि लेखक एकटाच बोलत सुटतो, हा सर्रास आढळणारा दोष. फजितीही ठेवा: केस शर्टाच्या बटणात अडकतात, हाताला मुंग्या येतात, कुणाचं तरी कोपर लागतं. जिथे दोघं हसू शकतात तिथे वाचकाला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो. आणि वाक्यं लांबवत नेऊ नका. तीन टिंबांच्या रांगा म्हणजे उत्कटता नव्हे. मी एका कथेत एका पानावर ४१ टिंबं मोजली होती.

नंतरचं पान

बहुतेक जण हे लिहीतच नाहीत. प्रसंग संपतो आणि 'सकाळी कोवळी उन्हं खिडकीतून आत आली'. अहो, वहीतल्या पहिल्या ओळीत विचारलेला प्रश्न, काय बदललं, त्याचं उत्तर इथे दिसतं. दिवा परत कोण लावतं? पाणी कोण पितं आणि कुणाला विचारतं? कोण आधी बोलतं आणि कशाबद्दल? प्रेमाबद्दलच बोललं पाहिजे असं मुळीच नाही.

गौरीच्या दंडाखाली बांगड्यांचे वळ उठले आहेत. सकाळी ती कणीक मळताना बांगड्या सरकवते आणि वळ दिसतात, म्हणून परत खाली घेते. सासूबाई चहा गाळता गाळता विचारतात, "रात्रभर पंखा पाचवर होता का गं? थंडी नाही वाजली?" गौरी काय उत्तर देते, त्यावर पुढचा भाग सुरू होतो. ती खाली मान घालून 'नाही आई' म्हणाली तर ती अजून पाहुणीच आहे. "वाजली ना, जाड चादर कुठे ठेवलीय?" असं म्हणाली तर घर तिचं झालं.

कायद्याचं थोडक्यात

'हे छापलं तर केस होईल का?' हा प्रश्न हमखास येतो. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष सोडलं. त्या निकालातून लेखकाने घ्यायचं ते इतकंच, की नुसता सुटा उतारा नव्हे, लेखन समग्रही वाचलं जातं आणि ते त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने तपासलं जातं. जुनं भारतीय दंड संहितेचं कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून आहे (१ जुलै २०२४ पासून), आणि ऑनलाइन टाकलेल्या मजकुराला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागू होतं. १८ वर्षांखालच्या पात्रांचा असा प्रसंग लिहायचा नाही, यात वाद नाही. शाळेतलं प्रेम लिहा की, चिठ्ठी आणि सायकलपर्यंत. ज्या मंचावर कथा टाकणार त्याचे नियम आधी वाचा, वयाची खूण करायची सोय असेल तर करा.

शेवटी, मोठ्याने वाचा

दोन दिवस प्रसंग बाजूला ठेवा. मग दार लावून मोठ्याने वाचा, मनात नव्हे. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर आणखी बरं. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण करा. जिथे तुमचा आवाज आपोआप नाटकी झाला तिथे बहुतेक 'आरक्त' सापडेल. आणि जिथे तुम्ही भरभर वाचून सुटका करून घेतली, तिथे एकतर ओळ जास्तीची आहे किंवा तुम्ही पात्राला सोडून स्वतःच लाजला आहात. पहिली असेल तर खोडा. दुसरं असेल तर तेवढी ओळ उद्या परत लिहा, या वेळी तिच्या नजरेतून.

मावशीला मी आता नवं काही दाखवलं की ती आधी शेवटचं पान उघडते. गॅस बंद आहे का बघते म्हणे.